तुझा डोळा कुणाच्या बोटाखाली

प्रिय लेयर,

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र एकावर एक थर रचून बनतं, आणि त्यातला एक थर म्हणजे तू. तुझ्या नावाशेजारी एक बारीकसा डोळा असतो. त्यावर क्लिक केलं की तू दिसतोस, पुन्हा केलं की नाहीसा होतोस. फोटोशॉप असो, इलस्ट्रेटर असो की आपल्याकडच्या छापखान्यांमध्ये ठाण मांडून बसलेलं कोरलड्रॉ असो, हा डोळा सगळीकडे आहे. आम्ही डिझाइनवाले दिवसभर त्याची उघडझाप करतो आणि त्याचं काही वाटून घेत नाही, कारण आमच्या पडद्यावर काही बिघडलं तर लगेच मागे जाता येतं.

पण मी आता जी टेम्पलेटं करते, ती मी स्वतः भरत नाही. लग्नपत्रिका, बारशाची निमंत्रणं, दाराच्या पाट्या, कॉफीचे मग, टी-शर्ट ही सगळी ऑनलाइन दुकानात जातात. तिथे सांगलीतली एखादी नवरी मुलगी किंवा न्यू जर्सीतला एखादा मामा रात्रीची जेवणं उरकल्यावर मोबाइल हातात घेतो, रकाने भरतो, नमुना बघतो आणि पैसे भरून मोकळा होतो. तू आहेस हे त्यांना माहीतही नसतं. तुझा डोळा उघडा ठेवायचा की मिटायचा, आणि ते ठरवायचा हक्क त्यांना द्यायचा की नाही, हे मी त्यांना न बघता, न विचारता आधीच ठरवून ठेवलेलं असतं. हा अधिकार लहान नाही, आणि आमच्या धंद्यात त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हे पत्र तुला लिहिते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे, म्हणजे तुझ्या डोळ्यावर ज्यांचं बोट आहे त्या सगळ्यांच्या वाचनात यावं.

लग्नपत्रिकेपासून सुरुवात करते, कारण माणसाला दुखवायची सगळ्यात जास्त ताकद तुला तिथे मिळते.

मराठी पत्रिकेचा साचा तू पाहिला आहेस. वर गणेशवंदना, त्याखाली कुलस्वामिनी प्रसन्न, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात. मग एकीकडे चि., दुसरीकडे चि. सौ. कां., आणि दोघांच्या नावाखाली ‘श्री. व सौ. अमुक यांचे ज्येष्ठ चिरंजीव’, ‘श्री. व सौ. तमुक यांची कनिष्ठ कन्या’. खाली निमंत्रक, आप्तेष्ट, विवाहस्थळ, आणि एका कोपऱ्यात पोराटोरांची ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’ ही ओळ. गिरगावात खाडिलकर रोडवरच्या पत्रिकांच्या दुकानात किंवा तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही प्रेसमध्ये हा मजकूर लिहून घ्यायला एक माणूस बसलेला असे. अजूनही असतो. तो नावं लिहून घेता घेता मान वर न करता विचारतो, “वडील आहेत ना?” समोरचा नाही म्हणाला की तो ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ लिहितो, आणि आईच्या नावामागचं ‘सौ.’ आपणहून गाळतो. मग जरा थांबून विचारतो, “श्रीमती लिहू, की गं. भा. लिहिता तुमच्याकडे? की नुसतं नाव?” एवढ्या दोन प्रश्नांत तो समोरच्या घराचं दुःख ओळखतो आणि त्यावर बोट न ठेवता पुढे जातो.

ऑनलाइन दुकानात त्या माणसाचं काम तुझ्याकडे आलं आहे. तिथे मान वर न करता विचारणारं कुणी नाही. रकाना आहे, त्याच्यामागे तू आहेस, आणि मी जे ठरवून ठेवलं असेल ते आहे.

आता बहुतेक टेम्पलेटांत काय केलेलं असतं ते सांगते. ‘श्री. व सौ.’ हे सगळं मिळून एकच लेयर असतो, कारण दिसायला ते एकसंध आणि सुबक दिसतं. सुंदर अक्षर, वळणदार ‘श्री’, आणि पुष्कळदा ते कर्व्ह करून टाकलेलं, म्हणजे त्याचं अक्षरपण संपवून आकार बनवलेला. ग्राहकाला फक्त पुढचं नाव भरता येतं. ज्या घरात वडील नाहीत, त्या घरातली मुलगी हे टेम्पलेट उघडते आणि तिच्या आईच्या नावामागे आपोआप ‘श्री. व सौ.’ लागतं. तिला ते काढता येत नाही. ती दुसरं टेम्पलेट शोधते, तिथेही तेच. एका बाईंनी मला फोन करून विचारलं होतं, “मुलाच्या लग्नात निमंत्रक मी एकटीच आहे. माझ्या नावाआधीचा तो ‘व’ कसा काढायचा?” नवऱ्याच्या नावाचा रकाना त्यांनी रिकामा सोडला होता, तरी ‘व’ तसाच उभा होता, मागे कुणी नसलेला. या एका ‘व’बद्दल मला जितकं वाटतं, तितकं तुझ्या दुसऱ्या कुठल्याही करामतीबद्दल वाटत नाही.

‘व’ हा स्वतंत्र लेयर हवा आणि त्याचं दिसणं दोन्ही नावांवर अवलंबून हवं. दोन्ही रकाने भरले तरच तो दिसावा, एक जरी रिकामा राहिला तरी जावा. ‘श्री.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘गं. भा.’, ‘कै.’ ही प्रत्येक पदवी वेगळी हवी, आणि सुरुवातीला सगळ्यांचे डोळे मिटलेले हवेत. ज्याला जी हवी ती त्याने स्वतः निवडावी. काहीच निवडलं नाही तर नुसतं नाव छापलं जावं. नुसत्या नावाने कुणाचाही अपमान होत नाही.

हे मी आदर्शवादी म्हणून सांगते आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं यापुढे गावात नको, असं गावाने ठरवलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्यांचं अनुकरण करायला सांगितलं. पुढच्याच वर्षी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’, म्हणजे तेच ‘गं. भा.’, हे संबोधन सरकारी वापरात आणावं का यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. म्हणजे बाईच्या नावामागे काय लावायचं हा आपल्याकडे चालू वर्तमानातला, तापलेला प्रश्न आहे. आणि आम्ही डिझाइनवाले एका लॉक केलेल्या लेयरने त्याचं उत्तर देऊन टाकतो, तेही जिला विचारायला हवं तिला न विचारता.

हे करायला सोपं नाही, ते मान्य. तुला नाहीसं करायच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत आणि तिन्हींचा परिणाम वेगळा. वेबपानावर ‘डिस्प्ले नन’ केलं की तू जागेसकट जातोस आणि शेजारचा मजकूर सरकून जागा भरून काढतो. ‘व्हिजिबिलिटी हिडन’ केलं की तू जातोस पण जागा रिकामी राहते. ‘ओपॅसिटी’ शून्यावर आणली की तू फक्त पारदर्शक होतोस. बोट लागलं तर कळतं, आणि आंधळ्या माणसासाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तुला मोठ्याने वाचतं. वेबपानावर मजकूर आपोआप सरकतो, पण पत्रिकेचं डिझाइन बहुधा एसव्हीजी किंवा कॅनव्हासवर असतं. तिथे प्रत्येक ओळ आपल्या मोजलेल्या जागी खिळलेली असते. ‘कै.’ लपवला तर नाव डावीकडे सरकत नाही. आजोबांची ओळ काढली तर मधोमध भोक पडतं, आणि ते भोक काहीतरी काढलंय हे ओरडून सांगतं. त्यामुळे डोळा मिटण्याची सोय दिली म्हणजे काम झालं असं होत नाही. राहिलेल्या ओळी पुन्हा मध्यावर याव्यात, दोन ओळींतलं अंतर पुन्हा मोजलं जावं, हे आम्हालाच बसून करावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. टेम्पलेटाच्या किमतीत त्याचे पैसे दिसत नाहीत. पण पत्रिकेचं खरं डिझाइन माझ्या मते हेच आहे, वेलबुट्टी नंतर.

वर गणपती असतो, त्याच्याबद्दलही बोलायला हवं.

पत्रिकेच्या माथ्यावरचा गणपती मराठी माणसाला इतका सवयीचा आहे की तो काढता येण्याजोगा असावा हे डिझाइनरच्या मनातच येत नाही. तो तोरणात, कमानीत, पार्श्वभूमीत मुरवून एकच चित्र केलेलं असतं. पण मराठीत पत्रिका छापणारी घरं एका धर्माची नाहीत. १९५६ साली नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक गौरी-गणपतीला देव न मानण्याची आहे. त्या अनुयायांच्या घरांतल्या पत्रिकेवर वर ‘नमो बुद्धाय, जय भीम’ असतं, बुद्ध आणि बाबासाहेबांचं चित्र असतं, आणि समारंभाला ‘मंगल परिणय’ म्हणतात. वसईतल्या ख्रिस्ती घरांत मराठीतून पत्रिका छापल्या जातात. मराठी बोलणारी मुसलमान घरं आहेत. सत्यशोधक पद्धतीने लग्न लावणारे आहेत, आणि नोंदणी विवाह करून कुठलंच चित्र नको म्हणणारे आहेत. यांतल्या कुणाला ऑनलाइन दुकानात फक्त एक वेगळा कप्पा काढून देणं मला पुरेसं वाटत नाही. ‘आंबेडकरी पत्रिका’ अशा कप्प्यात चार-दोन नमुने आणि मुख्य दुकानात शेकडो, ही कसली निवड? जो मोराचा नमुना किंवा पैठणीच्या काठाचा नमुना सगळ्यांना आवडतो, त्याच नमुन्यात माथ्यावरचं चित्र बदलता आलं पाहिजे. त्यासाठी गणपती पहिल्यापासून वेगळ्या लेयरवर काढावा लागतो, त्याच्यामागची कमान पूर्ण रंगवावी लागते, म्हणजे तो गेल्यावर मागे त्याच्या आकाराची पोकळी राहत नाही.

इथे तुझी आणखी एक खोड आड येते, आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. पत्रिकेवरचा गणपती पुष्कळदा सोनेरी फॉइलमध्ये असतो. फॉइलसाठी वेगळा ठसा लागतो, आणि ठशासाठी फाइलमध्ये वेगळा, सपाट काळा लेयर लागतो. ग्राहकाला पडद्यावर दिसतं ते सोनेरी चित्र एक लेयर, आणि यंत्राला दिसतो तो काळा आकार दुसरा. पहिल्याचा डोळा मिटला आणि दुसऱ्याचा उघडाच राहिला, तर ग्राहकाने नमुन्यात गणपती काढलेला बघून पैसे भरले तरी छापून आलेल्या प्रत्येक पत्रिकेवर तो चमकत येणार. कापणाऱ्या, भरणाऱ्या, पाठवणाऱ्या कुणालाही त्यात वावगं दिसणार नाही, कारण पत्रिकेवर गणपती असणारच असं सगळ्यांच्या डोळ्यांना वळण पडलेलं आहे. म्हणून हे दोन लेयर एकमेकांना बांधलेलेच हवेत; एकाला लपवलं की दुसऱ्याने लपलंच पाहिजे.

आणि इथूनच तुझ्या खऱ्या अवघड स्वभावाकडे येते. तुला एकच डोळा आहे असं आम्ही मानतो, पण तुला बघणारे वेगवेगळे आहेत. ग्राहकाला जे दिसायला हवं ते यंत्राला दिसता कामा नये, आणि यंत्राला जे हवं ते ग्राहकाला दाखवून उपयोग नाही.

मगाचं उदाहरण घे. पडद्यावर पांढरा मग दिसतो, त्याच्या गोलाईवर सावली असते, कानाशी थोडी चमक असते. ही सावली आणि चमक म्हणजे तूच, डिझाइनवर पसरलेला. ती नसेल तर नमुना खोटा वाटतो. पण हीच सावली छपाईच्या फाइलमध्ये गेली तर खऱ्या मगावर राखाडी पट्टा उमटतो, आणि त्यावर मगाची स्वतःची खरी सावली पडते ती वेगळीच. शिवाय मगाची छपाई सब्लिमेशनने होते. कागदावर उलटं छापलेलं चित्र साधारण दोनशे अंश सेल्सिअस उष्णतेखाली मगाला गुंडाळून दाबतात, शाई वायू होऊन वरच्या लेपात शिरते. या शाईत पांढरा रंग नसतो. चित्रातलं पांढरं म्हणजे मगाचं पांढरं. त्यामुळे पडद्यावरच्या काळ्या मगावर एखाद्याने आपलं नाव पांढऱ्या अक्षरात लिहिलं आणि तू ते गुमान दाखवलंस, तर तू त्याला असं काहीतरी दाखवलंस जे त्या यंत्रातून बाहेर येऊच शकत नाही.

काळ्या टी-शर्टचं याच्या बरोबर उलट. तिथे रंगांखाली पांढऱ्या शाईचा एक थर द्यावाच लागतो, नाहीतर पिवळा रंग काळ्या कापडात बुडून जातो. हा पांढरा थर रंगांपेक्षा केसभर लहान ठेवतात, म्हणजे कडेने डोकावू नये. ग्राहकाला तो दिसायची गरज नाही. पण त्याने नाव बदललं की त्याच्यासोबत हा अदृश्य थरही बदलला पाहिजे. नाहीतर वर नवं नाव आणि खाली नमुन्यातल्या नावाच्या आकाराची पांढरी शाई असा कपडा हातात येतो. कापण्याच्या रेषा, घडीच्या खुणा, कडेला सोडलेला तीन मिलिमीटरचा ब्लीड, ‘तुमचं नाव इथे’ असा सूचनेचा मजकूर, यांतलं प्रत्येक कुणाला तरी दिसायला हवं आणि दुसऱ्या कुणाला तरी मुळीच नको.

गंमत म्हणजे हे सगळं फाइलमध्ये नीट लिहून ठेवायची सोय बरीच जुनी आहे. २००३ साली ॲक्रोबॅट ६ बरोबर पीडीएफची १.५ ही आवृत्ती आली आणि पीडीएफमध्ये तुझा शिरकाव झाला. तेव्हापासून तुझ्याबद्दल तीन गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवता येतात: पडद्यावर दिसायचं का, छापताना दिसायचं का, आणि फाइल दुसरीकडे पाठवताना बरोबर जायचं का. २०१८ मध्ये तर पॅकेजिंग आणि लेबलांसाठी आयएसओ १९५९३-१ हे मानक निघालं, ज्यात कापण्याचा लेयर, घडीचा लेयर, पांढऱ्या शाईचा, वार्निशचा, ब्रेलचा असे लेयर कसे ओळखायचे हे ठरवून दिलं आहे. म्हणजे यंत्राला ‘मॅजेंटा रंगाची बारीक रेघ दिसली तर ती कापायची समज’ असं तोंडी सांगायची वेळ येऊ नये.

पण आपल्याकडे फाइल जाते कशी? “कर्व्ह करून पाठव” हे आपल्या छापखान्यांचं रोजचं वाक्य. त्याला कारण आहे. आपली बरीचशी मराठी अक्षरजुळणी वर्षानुवर्षं श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांवर चालली. तो फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर नसला की मजकुराचा चुराडा होतो. म्हणून आकार करून टाकायचे, म्हणजे निदान दिसतं ते छापतं. काही प्रेस आजही पीडीएफ/एक्स-१ए हा छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार मागतात, आणि त्या प्रकारात तुला जागाच नाही. सगळं सपाट करून द्यावं लागतं. तुला ओळखणारा एक्स-४ हा प्रकार २००८ पासून आहे. आणि एक धोका असा, की ज्या जुन्या यंत्रणेला लेयर कळत नाहीत, ती तुझा मिटलेला डोळा बघतच नाही. फाइलमध्ये जे आहे ते सगळं छापते: लपवलेलंही. मी हे छापखान्यांना दोष द्यायला लिहीत नाही. लग्नसराईत रात्रभर मशीन चालवणाऱ्या माणसाला सपाट फाइल सुरक्षित वाटते, आणि त्याचं बरोबर आहे. सपाट करायचं तर दुकानाने करावं, योग्य लेयर लपवून, आणि ग्राहकाला शेवटचं प्रूफ त्या सपाट फाइलवरूनच दाखवावं. ज्या चित्राला ग्राहकाने हो म्हटलं, ते छापायला गेलेल्या फाइलमधूनच काढलेलं असावं, वेगळं सजवून बनवलेलं नसावं. ऑनलाइन दुकानांकडे माझी एकच मागणी मान्य होणार असेल, तर मी ही करीन.

तुझ्याहून जुनी तुझी एक वडीलधारी पिढी आपल्याच भागात होऊन गेली, हे तुला सांगायचं राहिलं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड असे. एकाच लक्ष्मीसाठी कितीतरी दगड, आणि प्रत्येक दगडावर चित्राचा फक्त तेवढाच भाग. दगड यंत्रावर चढवला नाही की तो रंग नाही. तिथे लपवणं म्हणजे खरोखर नसणं होतं. आणि त्या छापील तसबिरी घरी आणून बायका त्यांवर खऱ्या कापडाची साडी, जर, टिकल्या चिकटवत. हजारो प्रतींतली आपली एक प्रत आपल्या हाताने आपली करून घेत. आज मोबाइलवर नाव भरणारी मुलगी करते ते हेच, आणि म्हणून मला तिचा आदर वाटतो. तिच्या या करण्याला स्वस्तातली हौस म्हणून हिणवणाऱ्यांशी माझं पटत नाही. फोटोशॉपमध्ये तू आलास तो १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे त्या छापखान्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

दगड न चढवणं आणि डोळा मिटणं यांत एक फरक पडला, आणि तो मला बेचैन करतो. मिटलेल्या डोळ्यामागे तू जिवंत असतोस. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेत राजकीय सल्लागार पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदात गुप्त मजकुरावर काळ्या पट्ट्या टाकल्या होत्या. पट्ट्या वर आणि मजकूर खाली शाबूत. पत्रकारांनी तो नुसता कॉपी करून वाचला. त्याआधी २०११ च्या एप्रिलमध्ये व्हाइट हाउसने बराक ओबामांच्या जन्मदाखल्याची पीडीएफ प्रसिद्ध केली. लोकांनी ती इलस्ट्रेटरमध्ये उघडली, त्यात वेगवेगळे लेयर दिसले, आणि दाखला बनावट असल्याचा गहजब झाला. खरं कारण साधं होतं: स्कॅन केलेली फाइल लहान करताना सॉफ्टवेअर अक्षरं आणि पार्श्वभूमी आपणहून वेगळी काढतं. म्हणजे एकीकडे तू लपला आहेस असं समजून माणसं फसली, आणि दुसरीकडे तू आहेस एवढ्यावरूनच संशय पेटला.

आमच्या कामात हे असं घडतं. घाईत एका ग्राहकाची फाइल उघडायची, त्याचं नाव लपवायचं, वर दुसऱ्याचं टाकायचं, आणि तीच फाइल पुढे पाठवायची. लग्नपत्रिकेत काय काय असतं ते आठव: आईवडिलांची नावं, घरचा पत्ता, फोन नंबर, आणि अमुक तारखेला अख्खं घर कार्यालयात असणार ही माहितीसुद्धा. एकाच्या घरचं हे सगळं दुसऱ्याच्या फाइलमध्ये मिटल्या डोळ्यांनी प्रवास करतं. इथे मला तुझ्याकडून काही नको, माणसांकडून हवं आहे. फाइल दुकानाबाहेर जाताना लपवलेला प्रत्येक लेयर पुसून जावा. लपवणं हे काम चालू असतानाचं साधन आहे. काम संपल्यावर ज्याची गरज नाही ते उरता कामा नये. आणि तुला नाव द्यावं. ‘लेयर १ कॉपी ३’ या नावाखाली कुणाचं आडनाव दडलंय हे सहा महिन्यांनी कुणालाही कळत नाही. ‘वरपिता-पदवी’, ‘गणपती-फॉइल’ असं लिहिलं की रात्रीच्या पाळीतला नवखा मुलगाही ओळखतो.

आता ज्या कामावर सध्या बसले आहे त्याबद्दल. महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. यांतली पहिली मुलं आता चालू लागली आहेत. त्यांच्या वाढदिवसांची निमंत्रणं, खोलीच्या दारावरच्या पाट्या, शाळेच्या डब्यावरची लेबलं, या सगळ्यांची मागणी पुढची वीस वर्षं येत राहणार. आणि बाजारातली बहुतेक मराठी टेम्पलेटं अजून तीनच रकान्यांची आहेत: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आईसाठी रकाना नाहीच, किंवा असलाच तर खाली, कंसात, बारीक अक्षरात.

माझ्या नव्या बारशाच्या टेम्पलेटात आईच्या नावाचा लेयर वडिलांच्या नावाच्या आधी आहे, त्याच आकाराच्या अक्षरात, उघड्या डोळ्याचा. वडिलांच्या नावाला स्वतंत्र डोळा आहे, कारण एकट्या आईने वाढवलेलं मूलही बारशाला बसतं. आईच्या नावालाही आहे, कारण बाळंतपणात आई गमावलेल्या बाळाचंही बारसं होतं, आणि तिचं नाव ठेवायचं का, कसं ठेवायचं हे त्या घराने ठरवायचं. एखादं नाव लपवलं की उरलेली नावं सरकून पुन्हा मध्यावर येतात, आणि पाळण्याच्या दोऱ्या त्यांच्या लांबीप्रमाणे जवळ येतात. दत्तक घेतलेल्या बाळासाठी ‘जन्म’ ही ओळ लपवून ‘घरी आगमन’ ही ओळ दाखवता येते. आत्याच्या नावाचा लेयर मात्र मी सुरुवातीपासून उघडाच ठेवला आहे; कानात कुर्र करणारी ती, तिच्याविना बारसं कसलं! पण तोही मिटता येतो, कारण ज्यांना आत्या नाही अशीही मुलं आहेत.

टेम्पलेट दुकानात चढवण्याआधी अजून पुष्कळ तपासायचं आहे. सगळे रकाने रिकामे ठेवून, एकेक नाव गाळून, धर्माधिकारी-सहस्रबुद्ध्यांसारखी लांब आडनावं भरून, ‘ऱ्ह’ आणि ‘र्क्ष’ असलेली नावं घालून, आणि प्रत्येक वेळी छपाईची सपाट फाइल काढून प्रूफाशी ताडून बघायची आहे. मोबाइलच्या जुन्या मॉडेलवरही ओळी नीट सरकतात का ते बघणं राहिलंय. ते झालं की कळवते.

तुझी,
पत्रिका आणि पाट्या करणारी एक डिझायनर